ओठ मिटण्याची जागा

गोरेगावात, फर्निचरच्या गोदामावर
काळ्या फोमने मढवलेली खोली.
एसी बंद, त्याचा आवाज येतो म्हणून.
इथे मी गेले तीन महिने
सोलमधल्या सूप विकणाऱ्या एका बाईची
हरवलेली मुलगी आहे.

तासाचे पैसे. रडण्याचे वेगळे नाहीत.

माझा प्रियकर मंगळवारी बोलतो, मी गुरुवारी.
त्याला मी पाहिलेलं नाही. डोंबिवलीचा आहे म्हणे,
कुणी सारंग, पतपेढीत असतो.
हेडफोनमध्ये आधी त्याचा श्वास येतो,
मग वाक्य: तू जाऊ नकोस.
दोन दिवसांपूर्वीचं ते जाऊ नकोस
ऐकत मी आज निघून जाते.
इक्बाल दोघांना एका पट्टीवर आणून ठेवतो
आणि पडद्यावर, बर्फात,
लांब कोटातला तो तिला पाठीवर घेऊन चालतो
तेव्हा लोकांना वाटतं, ही दोघं
कधीतरी एका जागी उभी होती.

आज चौदावा भाग.
आज तिला कळतं.
वाफेपलीकडे म्हातारी काच पुसतेय,
मुलगी दारात. एकच शब्द:
ओम्मा.

आई, म्हणून पाहिलं.
हेरंब काचेमागून मान हलवतो.
तिचे ओठ मध्येच मिटतात, ताई,
आपल्या आईत ओठ कुठे मिटतच नाहीत.

खरंच.
म्हणून बघा. आ. ई.
तोंड उघडं ते उघडंच राहतं,
दार लावायचं विसरल्यासारखं.

मम्मी? गरिबाघरची गोष्ट आहे.
अम्मा? चॅनेल नको म्हणतं.
पाच मिनिटं ब्रेक. चहा.

मी सव्वा वर्षाची असताना
मला वरसोलीहून आणलं, लाँचने.
भाऊच्या धक्क्यावर या हातांतून त्या हातांत,
मध्ये वीतभर पाणी हलत होतं, असं सांगतात.
थोरल्या जावेला मूल नव्हतं,
धाकटीला मी तिसरी मुलगी.
कागद नाही, वकील नाही,
एक नारळ, आणि दुपट्याच्या गाठीत माझे वाळे.

वाढवलं तिला आई म्हटलं. ती होतीच.
दिलं ती कुंदाकाकी.
दर मे महिन्यात यायची विक्रोळीला,
खांद्यावर पांढऱ्या कांद्यांची माळ,
धक्क्यापासून बसमध्ये सगळ्यांना वास.
दोन दिवस राहायची. सगळ्यांचे केस विंचरायची,
माझे सोडून.
घरात मी सगळ्यांना अगं-तुगं करायचे,
तिला एकटीला अहो. अहो काकी, पाणी हवं का?
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

लाल दिवा.
म्हातारीने फडकं खाली ठेवलं.
मुलीचा गळा हलला, ओठ उघडले, मिटले,
आणि कागदावर नसलेलं
मी बोलून गेले:
अगं, मी.

चपखल बसलं.
इक्बालने अंगठा वर केला.
हेरंब म्हणाला, हेच ठेवू, पुढे घ्या.
पुढे चार पानं नुसते हुंदके होते,
ते मी व्यवस्थित दिले.

भाग लागला त्या शनिवारी रात्री फोन.
वरसोलीचा. ती स्वतःहून कधी करत नाही.
मागे टीव्ही चालूच, साबणाची जाहिरात.
जेवलीस?
हो.
यंदा कांदा बारीक आलाय.
असू दे गं.

मग बराच वेळ काही नाही.
म्हणजे, इक्बाल जे कापून टाकतो
तेवढंच फक्त:
पंखा,
श्वास,
आणि पलीकडे कुणीतरी ओठ मिटल्याचा
अगदी बारीक आवाज.