दावं किती

बाप पत्री मारायचा.
सीझनला, कारखान्याच्या तळावर,
बैल कासऱ्यानं पाडून, चारी पाय एकत्र बांधून
आधी गाडीवानाला विचारायचा, रस्ता किती?
बारा मैल म्हटलं की जाड पत्री,
चार म्हटलं की पातळ.
डांबर खूर खातं, म्हणायचा,
आणि तोंडात धरलेले खिळे एकेक काढत
मधनंमधनं बैलाशी बोलायचा.
घरात कुणाशी एवढं बोललेला आठवत नाही.

मी खुरं साळतो.
भिलवडी, अंकलखोप, बुर्ली, दुधोंडी.
मोटरसायकलच्या डिकीत ग्राइंडर,
मांडीवर बांधायचं चामडं, निळ्या औषधाची बाटली.
बैल फारसे राहिले नाहीत.
गाई आहेत, काळ्या-पांढऱ्या, धिप्पाड, कानात पिवळा बिल्ला,
आणि त्यांच्या खुरांना खाणारं काही नाही.
न चाललेलं खूर वाढतच जातं,
पुढून वळतं, नवरदेवाच्या मोजडीसारखं.

म्हणून मी विचारतो, दावं किती?
लोक हसतात. दाव्याला काय माप असतंय व्हय?
असतं.
दोन हात म्हणजे उठता येतं, बसता येतं,
स्वतःची पाठ चाटता येत नाही.
तीन हात म्हणजे शेजारणीपर्यंत जीभ पोचते.

पाय मांडीवर घेतला की गोठा कळतो.
टाच मऊ पडलीय : मूत साचतंय, नालीचा उतार उलटा.
तळव्यात लाल ठिपका : फरशी कोरडी,
पण गाय बसायला भिते, उभीच असते रात्रभर.
मानेवर घट्टा : गव्हाणीचा पाइप खाली बसलाय,
वेल्डरनं आपल्याच कमरेचं माप घेतलेलं.

पंखे असतात. कुणाकडं धुकं सोडणारी नळीपण.
आणि गाय अडली तर
रात्रभर कंदील धरून उभी राहणारी माणसं आहेत ही.
सिमेंट परवडलं, जागा उसाला गेली, एवढंच.

बुर्लीत जिनगोंडा मगदुमांकडं चौदा जनावरं.
बिल्ल्याचे शेवटचे आकडे चार-शून्य-सात,
पद्मावती काकू तिला ढगी म्हणतात.
चार वर्षं, दर चार महिन्यांनी,
तिचा उजवा मागचा पाय मी मांडीवर घेतला.
तोच तळवा, तीच जखम.
चांगल्या नखीखाली लाकडी ठोकळा चिकटवायचा
आणि उठताना म्हणायचं,
काका, याला आता कुदळच लागंल.

फाल्गुनात त्यांनी गोठ्यामागचा सात गुंठे खोडवा काढला.
तारेचं कुंपण घातलं, मधी जुनं लिंबाचं झाड.
मला फोन केला, ये दस्तगीर, सोडणाराय.

तेरा गेल्या.
त्यातली एक तर शेपूट उभी करून, म्हातारपणी.
ढगी दोन हात पुढं आली आणि थांबली.
दावं काकूंच्या हातात होतं, सुटलेलं.
पेंडीचं घमेलं वाजवून बघितलं. नाही.
आमचा चहा झाला, उसाच्या बिलाचं बोलणं झालं,
मग कधीतरी, माती हुंगत हुंगत,
एक पाय. मग दुसरा.

मी वाकून बघितलं.
चार वर्षं मांडीवर घेतलेल्या खुराचा
ठसा पहिल्यांदा बघत होतो.
सिमेंटवर कुठला उमटायला.
डावी नखी जरा लांब निघाली.
चूक माझीच, साळताना राहिलेली.

संध्याकाळी दूध दीड लिटर कमी भरलं.
काका काही बोलले नाहीत, वहीत लिहिलं.

बापाला आता कमी ऐकू येतं.
जेवताना मोठ्यानं सांगितलं सगळं.
म्हणाला, किती चालली?
लिंबापर्यंत.
त्यानं अंगठा आणि बोट जवळ आणून
हवेत पत्रीची जाडी धरली, थोडा वेळ,
मग हात ताटात नेला.
एवढ्याला नको, म्हणाला.

सकाळी दुधोंडीत सोळा गाई.
दावं किती?
दोन हात.
मी वायर सोडली, प्लग कुठाय विचारलं.