लाल दोऱ्याची चटणी

जाहिरातीला एकूण दोन हजार तीनशे.
भिशीचे. पुन्हा उठणार नव्हते वर्षभर.
नागमणीनं ते पोळपाटाखाली ठेवले,
मी वहीच्या मागच्या पानावर भागाकार मांडला.

रिक्षावाला म्हणाला, भोंग्यासकट दिवसाला नऊशे,
बोलणाऱ्या बाईचे वेगळे.
पेपरात पत्रकं टाकणारा म्हणाला, हजाराला चारशे,
छपाई तुमची तुम्ही बघा.
भाचा म्हणाला, मामा, रील काढू,
मामीनं फक्त थोडं हसायचं.
नागमणी हसली नाही.
हात मनगटापर्यंत तिखटात,
डोळ्यांवरची बट कोपरानं मागं सारत
ती उखळातले शेंगदाणे कुटत राहिली.

मी हट्टानं फ्लेक्स केला.
अठराशे, बांबू आणि सुतळी धरून.
अशोक चौकात, उन्हाकडं तोंड करून,
‘श्री नागमणी होम प्रॉडक्ट्स’,
चटणीच्या ढिगाशेजारी तिचा
रेशनकार्डासाठी काढलेला फोटो, गाडीच्या चाकाएवढा.
तीन दिवस.
चौथ्या दिवशी त्याच्यावर कुणा दादाचा वाढदिवस चढला
सत्तावीस शुभेच्छुकांसकट.
दादाच्या खांद्याखालून
तिचा एक कान तेवढा दिसत होता, कुडी घातलेला.
सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजले.
मी कानाकडं बघत होतो.

उरले पाचशे.
ते तिनं मला विचारून खर्चले नाहीत.
बटर पेपर आणला, वरचे शेंगदाणे आणले,
चिमूटभर चटणीच्या पुड्या बांधल्या
आणि निंगव्वाला दिल्या,
कडक भाकरीच्या गठ्ठ्यात एकेक सरकवायला.
निंगव्वानं बदल्यात काही मागितलं नाही,
फक्त म्हणाली, मला जरा मोठी पुडी दे गं.
बांधायला माझ्या मागावरचं तुटकं सूत.
त्या आठवड्यात टॉवेलच्या काठाला लाल लागलं होतं
म्हणून लाल.
आता कुणी विचारलं तर आम्ही शुभ असतं म्हणून सांगतो.

अकरा दिवस काही नाही.
बाराव्या दिवशी, दुपारच्या त्या भट्टीत,
एक माणूस दारात. स्कूटरच्या किल्लीला
आमचाच दोरा गुंडाळलेला.
“लाल दोऱ्याची चटणी हितंच का ओ?”
होम प्रॉडक्ट्स हे नाव
तेव्हापासून आम्हीही घेतलं नाही.

वर्षअखेरीला मी लिहायला बसलो:
जाहिरात, फ्लेक्स, अठराशे. बाकी शून्य.
तिनं पेन धरलं.
हिशेब ती तेलुगूत करते, भांडण मराठीत.
“शून्य कसं? सहा किलो शेंगदाणे वाटले मी. ते लिव.
हातपण लिव, जमलं तर.”
शेंगदाणे लिहिले.
हाताचा भाव मला ठाऊक नव्हता.

परवा पलीकडच्या बोळात
दुसऱ्याच्या पुडीवर लाल दोरा दिसला.
मी तापलो. वकील, नोंदणी, काय काय बोललो.
ती म्हणाली, “आता मागावर कुठला रंग हाय?”
हिरवा.
“मग हिरवा बांध.”
अगं, गिऱ्हाईक चुकेल.
“एकदाच चुकेल.”

तेवढ्यात नळ फुसफुसला.
पाचव्या दिवसाचं पाणी.
फ्लेक्स आता पिंपावर असतो आमच्या.
मी तिचं तोंड हळूच दुमडून बाजूला ठेवलं
आणि पाईप आत सोडला.