कच्चा टाका

कुताइसीच्या नाट्यगृहात, मागच्या जिन्याखाली
माझी खोली : एक मशीन, एक शेगडी,
आणि चौदा नाचणाऱ्यांच्या चौदा काळ्या विजारी.
तोंडं मी विसरते. गुडघे नाही.
बाद्रीचा उजवा आधी विरतो,
नुगझारचे दोन्ही एकदम, जुळ्या भावांसारखे.
मालखाझच्या विजारीला तर एका हंगामात
तीनदा आतून नमदा लावला.

आमच्याकडे पुरुष गुडघे टेकतो
ते शरण आला म्हणून नव्हे.
उंच उडतो, हवेतच पाय दुमडतो
आणि पडतो थेट गुडघ्यांवर, उघड्या फळ्यांवर,
पहिल्या रांगेतल्या बायका डोळे मिटतात.
त्या उघडेपर्यंत हा उभा,
जमिनीनेच परत फेकल्यासारखा.
बावीस वर्षं मी हे पडद्याच्या फटीतून बघते.
अजून सवय झालेली नाही.

त्या शुक्रवारी तो पडला नाही.
साधी गिरकी होती. ढाल छातीशी,
खांदे वळले, कंबर वळली, मांडी वळली,
पाऊल तेवढं फळीला धरून राहिलं.
ढोल चालू होता, तरी मला ऐकू आलं :
ताणलेल्या कापडात
पहिला धागा तुटतो, तसं.

डॉक्टर त्सिआलाने खणातून
प्लास्टिकचा गुडघा काढला, टेबलावर ठेवला.
"वाकायला सांगा, दिवसभर वाकेल बिचारा.
वळायचं म्हणाल तर थोडंसंच,
तेही वाकलेला असताना.
पाऊल रोवून वर पीळ घातलात
की मग तो हट्टी माणसासारखा :
मोडेन, पण वळणार नाही."
मग तिने हाडं बाजूला केली.
मधे दोन चंद्रकोरी, चिवट कूर्चेच्या,
वजन झेलायला घातलेल्या.
दोन जाड दोऱ्या, एकमेकींवर फुली मारून.
"आणि खऱ्या गुडघ्यात वंगण असतं,
अंड्याच्या पांढऱ्यासारखं."
मालखाझचा पाय सरळ होत नव्हता.
फाटलेल्या कोरीचा तुकडा दुमडून
सांध्यात अडकला होता,
दाराखाली गालिचा अडकतो तसा.

मी विचारलं, टाका धरेल?
माझ्या बोटातलं अंगुस्तान बघून ती हसली.
"कडेला फाटली असेल तर धरेल.
रक्त कडेपर्यंतच येतं.
आतल्या अंगाला येत नाही,
तिथे फारसं दुखत नाही,
आणि भरूनही येत नाही."

कापडाचं उलटं.
कापड कडेलाच उसवतं,
म्हणून तर आम्ही कड दुमडून घेतो.
रात्रभर डोक्यात हेच,
आणि दुसरं एक, जे मी कुणाला सांगितलं नाही :
बातुमीला तो घसरला होता.
"मावशी, बुटाचा तळ गुळगुळीत झालाय," म्हणाला.
नवा तळ मीच शिवला,
चामड्याची खरखरीत बाजू खाली घेऊन.
घसरला असता,
तर वाचला असता.

सात आठवड्यांनी आला, काठी टेकत.
कडेला होती जखम. चार टाके.
शेगडीजवळ बसला, पिशवीतून बूट काढला,
उलटा धरून अंगठ्याने तळ घासला, एकदा, दोनदा.
मी सुईत दोरा ओवत राहिले.
ओवलेलाच होता.

मग फीत घेऊन मी खाली बसले
त्याच्या मांडीचं माप घ्यायला.
डावी दोन बोटं बारीक.
इतक्या दिवसांत मांडी सुकते,
सांध्याचं ओझं मांडीच उचलते ना.
"एक पाय आत घेऊ?"
"घे," म्हणाला. "पण कच्चा टाका घाल.
भरेल ती."

उठताना माझे दोन्ही गुडघे कडकड वाजले.
तो एवढ्या मोठ्याने हसला
की जिन्यावरून कोणीतरी डोकावलं.
"मावशी, वंगण संपलं?"

बूट तो तिथेच ठेवून गेला.
संध्याकाळी मी तळ उसवला.
विजारीला कच्चाच टाका घातला,
लांब लांब, पांढऱ्या दोऱ्याने,
काढताना चुकायला नको म्हणून.