एक नग, सरळ

रजिस्टरात मी लिहिलं:
साग, एक नग, लांबी बत्तीस फूट,
बुडाचा घेर साडेतीन, गाठ नाही.
'उपयोग' या रकान्यापाशी पेन थांबलं.

किनवटच्या डेपोत दारं मागतात, चौकटी मागतात,
सरणाच्या लाकडाचीही पावती मीच फाडते.
दाभोळचा अब्बास मिरकर म्हणाला,
"लिहा, डोलकाठी."

सकाळपासून तो ओंडके वाजवत हिंडत होता,
कलिंगड घ्यायला आल्यासारखा.
एकाला म्हणाला, हा आतून पोकळ बोलतो.
दुसऱ्याला, हा वाऱ्यापुढं वाकेल, पण परत येणार नाही.
मग भुशावर बोटानं गलबत काढलं:
ही डोलकाठी.
तिच्यावर तिरपं चढवतात ते परभाण,
शीड त्याला बांधायचं.
शिडाचा मोकळा कोपरा आवरतो तो दोर, दामण.
आणि हा नांगर.

लच्छू आत्राम हसला.
"नांगर? पान्यात काय पेरता, भाऊ?"
"पेरत नाय. तो टाकला की थांबायचं."
लच्छूला हे काही पटलं नाही.

चढवायला अकरा माणसं, दोन साखळ्या,
आणि दुपारचं सगळं ऊन.
बुडखा केबिनकडं, शेंडा मागं बाहेर,
त्याला माझ्या जुन्या ओढणीचं लाल फडकं.
लच्छूनं लांबूनच पाहिलं: गाडी डावीकडं झुकते.
उजव्या अंगाला तळात मुरमाची पोती दिली,
वर बांबू, फटींत गवताच्या पेंढ्या ठासल्या.
मिरकर खाली बसून चाकं बघत होता.
"ह्याला आम्ही नीरम म्हणतो.
रिकाम्या गलबताच्या पोटात दगड भरतात ते.
तुला कुणी शिकवलं?"
"उलटलेल्या गाडीनं."

मार्चात तपासणीवाले आले.
डोलकाठी यादीत बसत नाही म्हणाले,
इमारती काम लिहा.
मी रेघ मारली, सही केली,
रेघ बारीक मारली, खालचं वाचता येईल इतकी.

आता ट्रक लागला की लच्छू ओरडतो,
"आरं, आधी नीरम घाला!"
नव्या पोरांना वाटतं, तेलुगू शब्द असंल.

परवा डबा खाताना त्यानं मधेच विचारलं,
"म्याडम, तिथं त्याला उबंच ठिवतेत नव्हं?"
समुद्र मीही पाहिलेला नाही.
हो म्हटलं. उभंच.
"मंग बरं," म्हणाला,
आणि भाकर मोडली.