सहाशे चौदा लग्नं

नेस्तान म्हणते, बाबा, सगळं ह्या एका ड्राइव्हवर मावेल.
साबणाच्या वडीएवढी काळी डबी
टेबलावर ठेवून ती चहा गाळायला गेली.
सहाशे चौदा लग्नं,
बहुतेक इथलीच, झेस्तापोनीतली,
कारखान्याची धूळ नवरीच्या झग्यावर
बसायच्या आत टिपलेली.
आणि मावेल म्हणे. वर जागाही उरेल.

माझ्याकडे चकत्या आहेत, भिंतभर.
पाठीवर माझं अक्षर, निळ्या मार्करचं:
तो, ती, तारीख, आणि वीज किती वेळा गेली.
डबीच्या पोटात काय आहे ते बाहेरून कळत नाही,
चकती निदान उजेडात धरता येते.
धरली, म्हणूनच दिसलं:
दोनशे अकराच्या कडेला तांबूस डाग,
कसर लागावी तसा आत आत सरकणारा.
विकणारा म्हणाला होता, शंभर वर्षं टिकेल.
शंभर वर्षांनी तक्रार घेऊन कोण येतंय,
त्याचा हिशेब पक्का होता.

ड्राइव्हचंही ऐकलंय. ऐकलंय म्हणजे ह्या कानांनी.
बेसोचा ड्राइव्ह पडला नाही, भिजला नाही,
नुसता एका सकाळी टक् टक् करू लागला,
दाराशी येऊन आत न येणाऱ्या माणसासारखा.
चकती मरते ती एकेक लग्न घेऊन.
ड्राइव्ह गेला की अख्खं गाव जातं.

मग दोन घ्या, नेस्तान म्हणते,
एक माझ्या घरी ठेवा,
आणि दर पाच वर्षांनी बदला.
पोरी, मी एकाहत्तरचा आहे.
माझीच दुसरी प्रत काढायची राहून गेली.

मंगळवारी म्झेविनार आली.
तिला लग्नातली साडेचार मिनिटं हवी होती,
बापाने वाइनचं शिंग हातात धरून केलेलं भाषण.
नवरा, केक, नाच,
बाकीचं तुमच्याकडेच राहू द्या, म्हणाली.
दोनशे अकरा.

लावली.
टेबलं आली, अक्रोड भरलेली वांगी आली,
बाप उठला, शिंग वर गेलं,
ओठ उघडले
आणि तोंडाचे चौकोन झाले,
हिरवे, राखाडी, एकमेकांवर चढलेले.
शिंग तेवढं जागच्या जागी, थेंबही न सांडता.

पुसली. मऊ फडक्याने, मधून कडेकडे, पुसावी तशी.
दुसऱ्या यंत्रात घातली.
चौकोन तेच.

मी म्हणालो, काय बोलला ते मला आठवतं,
कॅमेऱ्यामागे मीच होतो, खांदा भरून आला होता.
आणि सांगितलं:
मुली, सासरच्या दाराला तेल घालू नकोस,
करकरू दे,
उशिरा येणाऱ्याला कळू दे
की घर अजून ऐकतंय.
ती हसली, आणि हसता हसता
बाहीला नाक पुसत राहिली.
जाताना पैसे ठेवले. मी घेतले.

तेव्हापासून झोप नाही.
हे वाक्य तिच्या बापाचं,
की तीनशे साठमधल्या त्या सुताराचं?
त्याच्याही हातात शिंग होतं.
वांगी तर सगळीकडेच असतात.
तीनशे साठ काढून बघता येईल.
अजून उजेडात धरलेली नाही.

आज काळी डबी जोडली आहे.
एक ते दोनशे दहा चढल्या, कुरकुर न करता,
हे कबूल केलं पाहिजे.
आता पडदा विचारतोय:
फाइल वाचता येत नाही.
वगळू, की पुन्हा प्रयत्न करू?
पुन्हा, मी म्हणतो.
आतून नेस्तान विचारते, झालं का?
पुन्हा.
चहावर साय धरली आहे.