उजव्या पायाची तार

उद्यमनगरात आमचं दुकान.
आप्पा ऑइल इंजिनला पेचकस टेकवायचे,
त्याची मूठ कानाला लावून डोळे मिटायचे
आणि म्हणायचे, व्हॉल्व्ह नीट बसत नाही. उघडा.
उघडल्यावर तसंच निघायचं.

त्यांच्या छातीला कुणी पेचकस लावला नाही.
पित्त आहे म्हणाले. सोडा प्याले.
रिकाम्या बाटलीत गोटी
बराच वेळ वाजत होती.

त्याच टेबलावर आता मी सर्किट मांडलंय.
दोन हजाराच्या आत बसवायचं, बॅटरीसकट.
आशाताई शालन म्हणाली, जेवणाच्या डब्याएवढं कर,
आणि पडलं तर फुटू नये.
पडणारच. बोरबेटचा चढ आहे तो.

पहिला महिना पडद्यावर काळीज नव्हतंच,
नुसती वीज होती.
सेकंदाला पन्नासदा थरथरणारी,
ट्यूबलाइटीतून, शेजारच्या लेथमधून अंगावर चढलेली.
पैगंबर म्हणाला, सोमवारी बघूया, सुट्टी असतीया.
सोमवारी सगळं उद्यमनगर गप्प,
आणि गवतातनं सशानं कान वर काढावा
तसं एक टोक आलं. मग दुसरं.
त्याचंच होतं. मिनिटाला एक्काहत्तर.
तो चक्क लाजला.

पण रोज सोमवार कुठून आणायचा?

पुस्तकात उपाय होता:
अंगावरचा गोंगाट उचलायचा, उलटा करायचा,
आणि उजव्या पायातून अंगालाच परत द्यायचा.
वाचताना आई आठवली.
आप्पा भडकले की
ती तेवढ्याच ताकदीनं गप्प बसायची.

चकत्या हुपरीहून आणल्या.
विकतच्या एकदाच चिकटतात, मग कचरा.
आण्णासो गाटांनी पैंजणाच्या उरल्या पत्र्यातून
टिकल्या पाडून दिल्या, मजुरी घेतली नाही.
मिठाच्या पाण्यात सोडून सेल जोडला,
चांदी काळवंडत गेली.
आण्णासो हळहळले,
आमचा जन्म गेला हिला उजळण्यात, आणि तुम्ही...
म्हटलं, काळी झाली की ऐकायला लागते.

बोरबेटला पोचेपर्यंत तिसरी चकती
चढावर कुठंतरी पडली होती.
तानूबाई गोठ्याशेजारच्या खाटेवर,
दम लागलेला, पदर तोंडाशी.
दोन हातांना दोन तारा,
तिसरी माझ्या बोटात लोंबकळत,
आणि पडद्यावर पुन्हा तीच थरथर.

शालननं तिच्या पायाकडं बघितलं.
उजव्या घोट्यात तोडा. लग्नातला.
हाडं वाढली, तो अडकून राहिला,
कडांना काळा थर.
मिठाचं पाणी चोळलं
आणि चिमटा तोड्यालाच लावला.

रेघ बसली.

टोक. टोक. टोक.
मग एक रिकामी जागा,
इतकी लांब की म्हशीनं मान वळवली.
मग टोक.

काय म्हणतंय गं, तिनं विचारलं.
मी डोळे मिटले होते. घरची सवय.
उघडा, असं तोंडापर्यंत आलेलं गिळलं
आणि म्हटलं, आजी, उद्या सीपीआरला जायचंय.
साडेसहाची एस्टी आहे, शालन येईल बरोबर.

तिनं पाय जवळ ओढून घेतला. चिमटा निसटला,
पडदा परत विजेनं भरला.
"जातो की. पर तोडा
काढाय लावणार न्हाईत न्हवं?"