साठ टक्के

मे संपला. शेवंडीचे पिंजरे अंगणात चढले,
एकावर एक, अजून शेवाळाचा वास धरून.
सहा महिन्यांनी समुद्राने हात मोकळे सोडले
आणि हातांना कळेना, आता काय करायचं.

रोझलीन म्हणाली, ओडिलला खुर्ची कर,
अंगणातली, तुझ्यासारखी, कललेल्या पाठीची,
हातावर कप राहील अशी.

माझ्या खुर्चीचा आराखडा शेडच्या भिंतीवर होता,
वडिलांच्या शिसपेन्सिलीतला.
प्रत्येक आकड्याचे साठ टक्के काढले:
विसाचे बारा झाले, पंधराचे नऊ.
सोपं वाटलं. मूल म्हणजे थोडक्यात माणूस.

पण सामान ऐकेना.
पाय बारीक झाले, स्क्रू मात्र दोन इंचांचाच,
पलीकडून टोक काढून बघतो
वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखा.
बैठकीच्या दोन पट्ट्यांत माझं बोट जाईना.
तिचं जाईल,
म्हणजे चिमटेलही.
पट्ट्या उसकटून पुन्हा बसवल्या. कोपऱ्यांची धार मारली.
पॉलिशपेपर फिरवला आणि गाल लावून तपासलं.
तळव्याला काय कळणार, चामडं झालंय त्याचं.

रंगाचं म्हणाल तर शेडमध्ये दोनच,
नारिंगी आणि हिरवा. आमच्या बोयांचे.
पाण्यावर कोमोंची ओळख तीच,
धुक्यातही कळतं कुणाचा दोर कुठे उतरलाय.
ओडिलने दोन्ही डबे पाहिले
आणि म्हणाली, जांभळा.

जांभळा आर्मेल थिबोदोचा.
ज्याने एका डिसेंबरात माझ्या दोरांवर दोर टाकले
आणि जो अजून चर्चमध्ये
बरोबर माझ्या मागच्या बाकावर येऊन खोकतो.
मी तिला सगळं समजावलं, दोरासकट.
ती म्हणाली, पण खुर्ची पोहायला कुठे जाणारे?

दुकानात छोटा डबा मागितला
तेव्हा काउंटरवरचा पोरगा गालात हसला.
पहिला हात दिला. सुकेपर्यंत
एक काळी माशी पाठीला चिकटून गेली.
ओडिलने काढू दिली नाही.
दुसऱ्या हाताखाली ती तशीच आहे,
तिळासारखी, बोटाला लागते.

रात्री, ती झोपल्यावर, मी बसून पाहिलं.
गुडघे कानांशी. खुर्ची कुरकुरली, पण पेललं तिने.
आणि समोर समुद्र नव्हता.
कठड्याची फळी होती, आडवी, पांढरी,
नेमकी डोळ्यांच्या रेषेत.
भरती चढत होती, तिचा नुसता आवाज.

म्हणजे इतके दिवस आम्ही इथे उभं राहून म्हणत होतो,
बघ, बोटी आल्या, त्या बघ,
आणि ती मान डोलावत होती.

सकाळी करवत काढली.
रोझलीन कप घेऊन दारात आली, काही विचारलं नाही.
फळीत एक खिडकी कापली,
लांब, पण तिचं डोकं जाणार नाही एवढीच उंच.
कापलेल्या कडा उघड्या राहिल्या तर पाणी मुरतं,
म्हणून उरलेला जांभळा तिथे फासला.

ओडिल खुर्चीत बसली. बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, ते हलतंय.

रस्त्यावरून आर्मेलची गाडी गेली.
हॉर्न वगैरे नाही.
पण कठड्यापाशी जरा हळू झाली.